वाणीचं तप आणि गांधारीचे घडे



आजचं वाचन गीतेच्या सतराव्या अध्यायातलं, पंधरावा श्लोक. काल शरीराच्या तपाचा श्लोक झाला, आज वाणीच्या तपाचा. भगवंतांनी इथं बोलण्याला चार अटी घातल्यात. ऐकणाऱ्याच्या मनात खळबळ उडवू नये, खरं असावं, ऐकायला बरं वाटावं आणि त्याच्या हिताचं असावं. वर स्वाध्यायही जोडलाय, म्हणजे ग्रंथ नियमानं आणि पूर्ण वाचणं. माझा या श्लोकाशी जुना झगडा आहे. चारही अटी एका वाक्यात बसवायच्या कशा? क्लायंटला "शुक्रवारपर्यंत होऊन जाईल" म्हणणं प्रिय असतं, खरं नसतं. मॅनेजरला खरं सांगितलं की उद्वेग ठरलेला. पण ही झाली ऑफिसातली गंमत. गेल्या महिन्यात हाच श्लोक आमच्या घरच्या सोप्यात येऊन बसला, आणि तिथं गंमत नव्हती.

माझ्या आत्याची मुलगी, आम्ही तिला आक्का म्हणतो, कागल तालुक्यात दिली आहे. तिचा मुलगा सहा वर्षांचा. जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडला आणि मेंदूला इजा झाली, सेरेब्रल पाल्सी. पोरगं हुशार आहे, सगळं समजतं, मोबाईलवर गाणी शोधून लावतं, पण आधाराशिवाय उभं राहता येत नाही. आक्काला कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर एका क्लिनिकचं माहितीपत्रक पाठवलं. क्लिनिक दूरच्या एका मोठ्या शहरातलं. स्टेम सेलची चार इंजेक्शनं, थोड्या थोड्या महिन्यांच्या अंतरानं, आणि खर्च इतका की दीड एकर उसाची जमीन काढावी लागणार. पत्रकाच्या पहिल्याच पानावर घड्यांचं चित्र होतं. गांधारीचे शंभर घडे! खाली मजकूर असा, की आपल्या ऋषींना हे ज्ञान हजारो वर्षांपूर्वीच होतं, आता विज्ञान तिथं पोचतंय.

आत्या म्हणाली, "आरं, म्हाभारतातच हाय म्हणं. मग खोटं कसं असंल?"

आणि मामा माझ्याकडं बघून म्हणाले, "तू इंजिनिअर हाईस, रोज पोथीबी वाचतोस. तूच सांग आता."

मंडळी, मी कोड लिहितो. डॉक्टर नाही, जीवशास्त्राचाही नाही. पण घरातला 'शिकलेला' म्हणून हे काम आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला येतं. समोरच्याला विज्ञान समजावून सांगायचं, आणि समोरचा माणूस जिज्ञासेपोटी नाही तर आशेपोटी ऐकत असतो. मग कसं बोलायचं? खरं आधी की प्रिय आधी? आजचं चिंतन यावरच आहे. त्याआधी मला आत्याला स्टेम सेल म्हणजे काय ते सांगायचं होतं.

तिला मी उसावरून सांगितलं. उसाच्या कांडीवर डोळा असतो. कांडी लावली की त्या डोळ्यातून अख्खा ऊस येतो, मुळं, पानं, पेरं सगळं. याचं कारण त्या डोळ्यात अशा पेशी असतात ज्यांचं अजून काही ठरलेलं नसतं. पान व्हायचं, मूळ व्हायचं, सगळे रस्ते मोकळे असतात. वाळलेल्या पाचटातून मात्र ऊस येत नाही, कारण त्या पेशींचं काम ठरलं, झालं, संपलं. माणसाच्या देहातही अशा मूळपेशी असतात. त्या दोन कामं करतात. स्वतःसारखी आणखी एक पेशी बनवून साठा शाबूत ठेवतात, आणि गरज पडेल तशी एखादं ठरावीक काम करणारी पेशीही बनवतात.

आत्याला हे पटकन कळलं. खरं तर जरा जास्तच पटकन कळलं, कारण ती लगेच म्हणाली, "मग पोराच्या मेंदूत डोळा लावायचा, एवढंच की!"

उपमेचा धोका हाच. क्लिनिकवालेही उपमाच वापरतात, बी पेरा आणि झाड घ्या. म्हणून मला तिथंच थांबून उपमेची हद्द सांगावी लागली. उसाचा डोळा रानात नुसता टाकला तर उगवतो का? वाफसा लागतो, सरी लागते, पाणी वेळेवर लागतं. आणि माणसाच्या अंगातल्या मूळपेशी उसाच्या डोळ्यासारख्या सर्वशक्तिमान नसतात. गर्भाच्या अगदी पहिल्या दिवसांतल्या पेशी जवळजवळ काहीही होऊ शकतात. मोठ्या माणसातल्या पेशींचं क्षेत्र मर्यादित असतं. हाडाच्या मज्जेतल्या रक्ताच्या मूळपेशी रक्त बनवतात, त्वचेतल्या त्वचा बनवतात. रक्ताची मूळपेशी मेंदूच्या पाण्यात सोडली म्हणून ती मेंदू होत नाही.

तुम्हा आयटीतल्या मंडळींसाठी माझी दुसरी उपमा. आपल्या देहात साधारण ३७ लाख कोटी पेशी आहेत असा अंदाज आहे, आणि जवळजवळ प्रत्येकीत तीच पूर्ण रिपॉझिटरी आहे, सुमारे २०,००० जनुकांची. (लाल रक्तपेशींत ती नसते, त्या रिपॉझिटरी टाकून देऊन निव्वळ हमालीला लागतात.) यकृताच्या पेशीत काही मॉड्यूल चालू, बाकी बंद. डोळ्याच्या पेशीत वेगळी चालू. कोड एकच, कॉन्फिगरेशन वेगळं. पूर्वी असं मानत होते की एकदा बंद झालेली मॉड्यूल कायमची बंद. २००६ साली जपानमध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेसारख्या साध्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना पुन्हा सुरुवातीच्या स्थितीत आणून दाखवलं. फॅक्टरी रिसेट म्हणा. त्यासाठी २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्याबरोबर मिळालं. गर्डननी बेडकांवर तसलाच प्रयोग पन्नास वर्षं आधी केला होता. गर्भाच्या पेशी वापराव्यात का, तो जीव आहे का, या प्रश्नावर जगभर वाद आहेत आणि भाविक म्हणून मलाही तो प्रश्न छळतो. यामानाकांच्या वाटेनं गेलं की गर्भाला हात न लावता बरंच काम होतं. तो विषय मोठा आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

आता यातलं सिद्ध झालेलं काय? तर रक्त. इथं मला आत्याला मनापासून चांगली बातमी सांगता आली, आणि ती मी चवीनं सांगितली. १९६१ मध्ये टोरांटोत टिल आणि मॅकक्युलॉक हे दोघं संशोधक उंदरांवर किरणोत्साराचे प्रयोग करत होते. किरणांनी मज्जा मारलेल्या उंदरांना त्यांनी दुसऱ्या उंदरांची मज्जा दिली, आणि काही दिवसांनी त्यांच्या प्लीहेवर छोट्या छोट्या गाठी दिसल्या. प्रत्येक गाठ एकेका पेशीतून वाढलेली होती. एका पेशीतून वेगवेगळ्या प्रकारच्या रक्तपेशी! रक्ताच्या मूळपेशींचा ठोस पुरावा तिथून सुरू झाला. आपल्या मज्जेतल्या या पेशींच्या जिवावर दर सेकंदाला सुमारे वीस लाख लाल पेशी तयार होतात. हे वाक्य वाचेपर्यंत तुमच्यात कोटभर तरी झाल्या असतील. लाल पेशी १२० दिवस जगते, मग दुसरी तिची जागा घेते. देह क्षणोक्षणी बदलतो असं आपण प्रवचनात ऐकतो, त्याला आकडा हवा असेल तर हा घ्या.

आणि मुंबईत, टाटा मेमोरियलमध्ये, डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली भारतातलं पहिलं यशस्वी मज्जा प्रत्यारोपण केलं. ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी, भावंडाची मज्जा. डॉ. अडवाणींना स्वतःला लहानपणी पोलिओ झालेला, चाकाच्या खुर्चीवरून त्यांनी हे सगळं केलं. ज्यांच्याकडून ते सिएटलला शिकून आले त्या डॉनल थॉमस यांना पुढे १९९० मध्ये नोबेल मिळालं. आज रक्ताचे काही कॅन्सर, थॅलेसेमिया, मज्जा बंद पडण्याचे आजार यांत हा उपचार रुळलेला आहे. सोपा नाही, जोखमीचा आहे, पण खरा आहे.

दुसरं खरं उदाहरण डोळ्यांचं. बुबुळाच्या कडेला मूळपेशींची एक कड असते. चुना किंवा ॲसिड डोळ्यात गेलं की ती कड जळते, बुबुळ पांढरं होतं. चुन्याची पुडी फुटून लहान पोरांचे डोळे जातात, हे आपल्याकडं नवीन नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक साधी पद्धत प्रसिद्ध केली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा अगदी छोटा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि जळलेल्या डोळ्यावर गर्भावरणाचा पातळ पापुद्रा अंथरून त्यावर ते कण मांडायचे. पेशी पसरतात, पृष्ठभाग पुन्हा तयार होतो. बाळाला सांभाळणारा पापुद्रा कुणाच्या तरी डोळ्याचा आधार होतो. मला हे वाचताना खरोखर हात जोडावेसे वाटले.

आत्या खूश झाली. आक्का मात्र गप्पच होती. मग तिनं विचारलं, "आणि माझ्या पोरासारख्याला?"

हा क्षण श्लोकाचा. आत्तापर्यंतचं सगळं खरंही होतं आणि प्रियही. आता दोन्ही एकत्र राहणार नव्हतं.

मी तिला आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कागदाबद्दल सांगितलं. २००७ साली या परिषदेनं मूळपेशींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हा त्यांच्या नावात 'संशोधन आणि उपचार' असे दोन्ही शब्द होते. २०१३ ला सुधारित आवृत्ती आली तेव्हा नावातला 'उपचार' हा शब्द मुद्दाम काढून टाकला. फक्त 'संशोधन' उरलं. कारण त्या एका शब्दाच्या आडोशानं लोक दुकानं थाटत होते. २०१७ च्या आवृत्तीतही तेच नाव राहिलं. मला विचाराल तर वाङ्मय तपाचं सरकारी दप्तरातलं याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. खरा नसलेला एक शब्द कमी केला, बस्स. त्या तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण हा मान्य उपचार. बाकी सगळं अजून प्रयोग, आणि प्रयोग रीतसर परवानगीनं, नोंदणी करून करायचा. आणि प्रयोगात सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. ऑटिझमच्या बाबतीत तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळानं डिसेंबर २०२२ मध्ये मूळपेशींची शिफारस नाही असं स्पष्ट सांगितलं, आणि त्याची जाहिरात करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

सेरेब्रल पाल्सीवर जगात प्रयोग चालू आहेत, आणि उद्या काही निघणारच नाही असं मी म्हणालो नाही. पण आज कुणी पैसे घेऊन देत असेल तर तो प्रयोगही नाही आणि उपचारही नाही. मेंदू म्हणजे रान नव्हे, ती वर्षानुवर्षं विणलेली जोडणी आहे. आयटीवाल्यांना सांगायचं तर दहा वर्षं जुन्या सिस्टीममध्ये शुक्रवारी संध्याकाळी शंभर ट्रेनी सोडायचे, कुणाला काही न सांगता, आणि सोमवारी सगळे बग गेलेले असतील अशी अपेक्षा करायची. शिरेतून दिलेल्या पेशींपैकी बऱ्याचशा तर फुप्फुसातच अडकतात. आणि 'फायदा नाही तर निदान तोटाही नाही' हेही खरं नाही. अमेरिकेत फ्लोरिडात तीन महिलांनी एका क्लिनिकमध्ये पोटाच्या चरबीतून काढलेल्या तथाकथित स्टेम सेल दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या. दिसणं सुधारायचं होतं, नजर गेली. २०१७ मध्ये डॉक्टरांनी ही हकिकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली.

मग आक्काला म्हटलं, त्या क्लिनिकला दोन प्रश्न विचार. तुमचा हा प्रयोग सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आहे का, असला तर नोंदणी क्रमांक द्या. आणि प्रयोग असेल तर पैसे कसले? तिनं माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर. पलीकडची बाई फार गोड बोलत होती. "ताई, तुम्ही पॉझिटिव्ह राहा," एवढंच ती फिरून फिरून म्हणत होती. नोंदणी क्रमांक काही मिळाला नाही. जागा भरत आल्यात, या आठवड्यात बुकिंग केलं तर सवलत आहे, हे मात्र मिळालं.

ऐका, त्या बाईचं बोलणं चारपैकी दोन कसोट्यांना उतरतं. उद्वेग करणारं नव्हतं, आणि प्रिय होतं. माझं बोलणं खरं होतं आणि हिताचं होतं, पण आक्काच्या डोळ्यांत पाणी आणणारं होतं. फोन ठेवून ती म्हणाली, "तुझं सगळं बरोबर असंल रे. पण तू मला कायच दिलं न्हाईस. तिनं निदान पोरगं उभं राहील असं तरी म्हटलं."

या वाक्यावर मी बरेच दिवस अडकलो होतो. विज्ञान समजावणारी माणसं इथंच कमी पडतात असं मला वाटतं. 'पुरावा नाही' हे शास्त्रज्ञाच्या तोंडी अचूक वाक्य आहे, पण आईच्या कानाला ते 'आम्हाला माहीत नाही' असं ऐकू येतं, आणि मग ज्याला माहीत आहे म्हणतो त्याच्याकडं ती जाते. म्हणून नुसतं 'नको' सांगून उठणं हे अर्धं तप. 'नको' बरोबर 'मग हे कर' लागतंच. आक्काच्या बाबतीत ते होतं: रोजची फिजिओथेरपी, पायाला योग्य मापाचे आधार, घट्ट स्नायू सैल करण्याचे डॉक्टरी उपचार, शाळेत नाव. यातलं काहीही चमत्कारासारखं नाही. दीड एकर विकायची गरजही नाही, पण दोन वर्षं चिकाटी लागते. पुढच्या आठवड्यात मी, मामा आणि आक्का पोराला घेऊन इथं कोल्हापुरात बालरोगतज्ज्ञांकडं गेलो. त्यांनी तासभर दिला. माझ्या सगळ्या उपमांपेक्षा त्या तासाचा उपयोग जास्त झाला. डॉक्टरांनी पोराशीच आधी गप्पा मारल्या, स्टेम सेलचा विषय नंतर काढला.

आता घड्यांकडं येतो, कारण आत्याचा प्रश्न तसाच राहिलाय. महाभारतात आहे, मग खोटं कसं?

ही घड्यांची गोष्ट मूळपेशींशी जोडणं नवीन नाही. दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यविशारद डॉ. बी. जी. मातापूरकर यांनी २००२ मध्ये एका परिषदेत हाच दावा केला होता, आणि ते काही ऐरेगैरे नव्हते, अवयव पुन्हा वाढवण्याच्या पद्धतीचं अमेरिकी पेटंट त्यांच्या नावावर होतं. जानेवारी २०१९ मध्ये जालंधरच्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या कुलगुरूंनी कौरव स्टेम सेल आणि टेस्ट ट्यूबच्या तंत्रानं जन्मले असं सांगितलं, तेही शाळकरी मुलांसमोर. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी निषेध केला. आपल्या ग्रुपांवर मात्र तो व्हिडिओ अजून अभिमानानं फिरतो.

मी भाविक आहे, आणि भाविक म्हणूनच मला हे खटकतं. आता स्वाध्यायाची अट लावू. आदिपर्वातली गोष्ट पूर्ण वाचा. गांधारी दोन वर्षं गर्भ वाहतेय. कुंतीला सूर्यासारखा तेजस्वी मुलगा झाल्याची बातमी येते. गांधारीला सहन होत नाही, ती स्वतःच्या पोटावर प्रहार करते, आणि लोखंडाच्या गोळ्यासारखा मांसाचा गोळा बाहेर पडतो. ती तो टाकून देणार, इतक्यात व्यास येतात. तुपानं भरलेले घडे मागवतात, गोळ्यावर थंड पाणी शिंपडायला सांगतात, अंगठ्याच्या पेराएवढे एकशे एक भाग होतात. शंभर पुत्र आणि एक कन्या, दुःशला.

आता फक्त तर्कानं बघा. एकाच गर्भाचे तुकडे करून शंभर बाळं वाढवली तर ती एकाच कोडच्या शंभर कॉपी असणार. सगळे मुलगे किंवा सगळ्या मुली. मग दुःशला कुठून आली? ती एकटी मुलगी हा सगळा सिद्धांत मोडून काढते, आणि ती गोष्टीतच बसलीय, व्यासांनीच बसवलीय. दुसरं म्हणजे ज्ञान एकटं येत नाही. पेशी हा शब्दच जगाला मिळाला तो १६६५ मध्ये रॉबर्ट हुकनं भिंगाखाली बुचाचा काप बघितला त्यानंतर. ज्यांना मूळपेशी वाढवता येत होत्या त्यांच्याकडं भिंग नव्हतं, पेशीला शब्द नव्हता, फसलेल्या प्रयोगाची एक नोंद नव्हती? प्रॉडक्ट आहे, पण डॉक्युमेंटेशन नाही, टेस्ट रिपोर्ट नाही, आधीची एकही व्हर्जन नाही. अशा रिलीजवर आपण ऑफिसात सही करू का?

आणि तुपाचे घडे विज्ञान ठरवले की गोष्टीतलं खरं धन निसटतं. त्या गोष्टीत मत्सर आहे, घाई आहे, पिकण्याआधी फळ तोडणारा हात आहे. दुर्योधन जन्मल्यावर अपशकुन होतात, विदुर मोठ्या भावाला कटू बोलतो, हे पोर कुळाचा नाश करील म्हणतो. खरं होतं, हिताचं होतं, प्रिय मात्र अजिबात नव्हतं. धृतराष्ट्राला पुत्रमोहापुढं ऐकू आलं नाही. वाणीच्या तपाचा अख्खा पाठ तिथंच मांडलेला आहे, आणि आपण घडे मोजत बसतो. (आक्काला मी हे सांगितलं नाही. पोटच्या पोरासाठी धडपडणाऱ्या आईला धृतराष्ट्राची गोष्ट ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठ, आणि तुलनाही चुकीची. तिच्या मायेत आंधळेपणा नाही, तिला फक्त कुणीतरी फसवू पाहत होतं.)

आपल्या अंबाबाईचा किरणोत्सव घ्या. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. आधी चरणांवर, मग छातीपर्यंत, मग मुखावर. मंदिर बांधणाऱ्यांना सूर्याची चाल आणि गाभाऱ्याची दिशा यांचं पक्कं भान होतं हे तिथं दिसतं, मोजता येतं. कॉलेजचे प्राध्यापक उपकरणं घेऊन किरणांची तीव्रता मोजतात, शेजारी आजी हात जोडून उभी असते, आणि दोघांचं एकमेकांना काही अडत नाही. पूर्वजांचा अभिमान बाळगायचा तर असा, दगडात उभा असलेला. मग घड्यांचं उसनं विज्ञान कशाला हवं? बरं, वाटेत उभ्या राहिलेल्या इमारतींनी किरणं अडतात हेही त्या मोजणीमुळंच नेमकं कळलं.

शिवाय हा अभिमान आता फुकट राहिलेला नाही. त्या पत्रकावर घडे छापले होते ते सजावट म्हणून नव्हे. आत्याची पोथीवरची श्रद्धा ही त्यांच्यासाठी तयार तारण होती. आपण ग्रुपवर 'गर्व से फॉरवर्ड' केलेल्या व्हिडिओवर कुणाची तरी दीड एकर लागू शकते. अनुद्वेगकर, प्रिय, सगळं ठीक. खरं आहे का, एवढं बघून फॉरवर्ड केलं तरी पुष्कळ.

तुमच्यापैकी बरेच जण नव्यानं आईबाबा होताय, म्हणून जाता जाता नाळेतल्या रक्ताच्या खासगी बँकांबद्दल. बाळाच्या भविष्याचा विमा म्हणून हे विकतात. आयसीएमआरनं दिलेला अंदाज असा, की पहिल्या वीस वर्षांत स्वतःचंच नाळेचं रक्त लागण्याची शक्यता २,५०० त एक ते २,००,००० त एक. भारतीय बालरोग अकादमीनंही २०१८ च्या निवेदनात या 'विम्याची' शिफारस नाही असंच म्हटलंय. आणि थॅलेसेमियासारखा जन्मजात आजार असेल तर स्वतःच्या नाळेच्या रक्तातही तोच दोष असतो. बॅकअपमध्येच बग. घरात आधीच एखादं भावंड आजारी असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं तर गोष्ट वेगळी.

खर्च न करता काही करायचं असेल तर रक्ताच्या मूळपेशींचे दाते व्हा. सख्ख्या भावंडाशी पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, म्हणजे बऱ्याच रुग्णांना घरात दाता मिळतच नाही. 'दात्री' सारख्या नोंदणी संस्था गालाच्या आतल्या बाजूचा बोळ्यानं नमुना घेतात, बस्स. पुढं कुणाशी जुळलं तर सहसा पाच दिवस इंजेक्शनं घेऊन, रक्तदानासारखंच हाताच्या शिरेतून काही तासांत पेशी काढून घेतात. हाड वगैरे फोडत नाहीत. दधीची ऋषींनी अस्थी दिल्या होत्या, इथं तेवढंही मागणं नाही. (आणि कृपा करून दधीची हे पहिले मज्जादाते होते असा फॉरवर्ड कुणी बनवू नका.) माझी नोंद झालीय, अजून कुणाशी जुळलेलं नाही.

जमीन विकली नाही. आक्का काही दिवस माझ्याशी तुटक बोलत होती, आता बोलते. मधे तिनं फोटो पाठवला, पोरगं पायाला आधार बांधून पलंगाच्या कडेला धरून उभं. खाली काही लिहिलं नव्हतं. मी आत्याला दाखवला तर म्हणाली, "कांडी लावल्यागत झालंय बघ, पाणी तेवढं चुकवू नगा."

उद्या सोळावा श्लोक, मनाचं तप. वाचून या. राम कृष्ण हरी.